मावशींच्या वाटणीला आलेला शब्द

मास्तर भित्रे आहेत असं गल्लीत कुणी म्हणत नसे. मास्तर फार सज्जन आहेत, असं म्हणत. या दोन गोष्टींत फरक करण्याची वेळ कधी आली नव्हती, म्हणून ते चालून गेलं.

एकदा बसमध्ये शेजारचा अनोळखी माणूस त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेला. मास्तरांचा स्टॉप आला आणि गेला. त्या माणसाची झोप मोडायला नको म्हणून मास्तर पार डेपोपर्यंत गेले आणि तिथून चालत घरी आले. दुसऱ्या एका प्रसंगी न्हाव्याने गफलतीने मागच्या गिऱ्हाइकाने सांगितलेले केस मास्तरांच्या डोक्यावर कापले. मास्तरांनी आरशातल्या त्या परक्या गृहस्थाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "छान झालेत." पुढे कित्येक वर्षं ते तसेच केस ठेवून होते, कारण बदल सांगितला असता तर न्हाव्याच्या मनाला लागलं असतं.

हा माणूस संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकवायचा. दोन बाकं, एक फळा, भिंतीला पुस्तकांची कपाटं आणि मोठ्या वयाचे विद्यार्थी. त्यात घड्याळवाला होता, बेकरीवाला होता आणि परदेशात नोकरी मिळावी म्हणून धडपडणारी एक नर्स होती, जिला सगळेच सिस्टर म्हणत. या लोकांना व्याकरणाची चीड होती आणि पाठांतराचा कंटाळा. मास्तरांनी त्यावर आपली एक पद्धत काढली होती. कठीण शब्द आला की ते तो गल्लीतल्या कुणाला तरी देऊन टाकत.

अ‍ॅव्हरिस म्हणजे हाव. ती कोपऱ्यावरच्या वाण्याला दिली होती. गॅर्युलिटी, म्हणजे तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही ती, न्हाव्याला. प्रॉक्रॅस्टिनेशन म्हणजे आजचं उद्यावर ढकलणं. एवढा बोजड शब्द ऐकून विद्यार्थी दचकत. मास्तर नुसतं खिडकीतून समोरच्या सुताराच्या दुकानाकडे बोट दाखवत, आणि ज्याची खुर्ची तिथे वर्षानुवर्षं दुरुस्तीची वाट पाहत पडली होती त्याला तो शब्द स्पेलिंगसकट पाठ होई. एकदा दिलेला शब्द परत घ्यायचा नाही असा नियम होता. तो माणूस जागा सोडून गेला किंवा सुधारला, तरच शब्द मोकळा. वाणी मध्यंतरी आजारी पडून थोडे दिवस सुधारला होता, तेव्हा वर्गाची फार गैरसोय झाली.

हे सगळं खोलीबाहेर कधी गेलं नाही. त्याचं श्रेय कुणाच्या इमानाला द्यायचं कारण नाही. मास्तरांचा सकाळचाही एक वर्ग होता, आणि त्या वर्गात आपण स्वतः कुठला शब्द असू, या काळजीने प्रत्येकाचं तोंड आपोआप बंद राहत असे.

शूरपणाच्या शब्दांनी मात्र मास्तरांना पुष्कळ दिवस झुलवलं. हे शब्द म्हणजे एकाच घरातली भावंडं. चेहरा सारखा, गुण वेगळे. करेज म्हणजे धैर्य, ते सरळ आगीच्या बंबावरच्या माणसाला गेलं. इफ्रंटरी म्हणजे निर्लज्ज धिटाई. त्या शब्दाच्या मुळाशी म्हणे 'बिनकपाळाचा' असा अर्थ आहे; ज्याला लाज चढायला कपाळच नाही, तो. हा शब्द घरमालकाला दिला, कारण छप्पर गळतंय अशी तक्रार घेऊन गेलेल्या भाडेकरूंकडेच त्याने छत्री उसनी मागितली होती आणि ती अजून परत केली नव्हती. राहिली टेमेरिटी. फाजील धाडस. गरजेपेक्षा चार बोटं जास्त, तेही मागचापुढचा विचार न करता. या शब्दासाठी मास्तरांना शोधाशोध करावी लागली नाही. खाली लाँड्रीवाल्या मावशी होत्या.

मावशींचं दुकान मास्तरांच्या जिन्याखालीच. पुढे काउंटर, मागे वाफेचं यंत्र, मध्ये हँगरची रांग आणि त्या रांगेतून अधूनमधून दिसणारा मावशींचा लालबुंद चेहरा. तुटक्या बटणाचा शर्ट त्या इस्त्रीला घेत नसत. बँकेच्या मॅनेजरला त्यांनी काउंटरवरच सुई-दोरा काढून दिला होता आणि त्याने बटण लावेपर्यंत मागचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं होतं. एक बस ड्रायव्हर पँट टाकून गेला आणि महिनाभर न्यायला फिरकला नाही, तर मावशी पँट घेऊन भर रस्त्यात त्याच्या बसपुढे उभ्या राहिल्या. प्रवाशांसकट बस थांबली. ड्रायव्हरने पँट घेतली, पाया तेवढा पडायचा राहिला.

पण शब्द मिळाला तो कोटामुळे. दुकानातून अदलाबदल होऊन एकाचा काळा कोट दुसऱ्याकडे गेला होता. दुसऱ्याच्या घरी दुःखद घटना घडली. शोकसभा भरली, हॉल भरला, आणि गेलेल्या माणसाचा भाऊ तोच कोट घालून दोन शब्द बोलायला उभा राहिला. तिसऱ्या शब्दाला मावशी व्यासपीठावर होत्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, सांत्वन केलं, एकेक बाही हळूच काढली, कोट घडी करून पिशवीत टाकला, त्याचा स्वतःचा कोट, इस्त्री केलेला, त्याच्या अंगावर चढवला आणि म्हणाल्या, "आता बोला." तो पुढे फार चांगलं बोलला म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी फळ्यावर टेमेरिटी लिहिलं, आणि ते काही म्हणायच्या आत तिघंही एकसुरात "मावशी" म्हणाले.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एके सकाळी मास्तरांची लेक चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, संध्याकाळी मावशी येणारेत."

"कपडे न्यायला?"

"मला न्यायला."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"लगेच नाही हो," लेक म्हणाली. "बोलायला येणारेत. त्यांच्या मुलासाठी. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"केव्हा?"

"दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही 'बघू' म्हणालात."

मावशींचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. लेक एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आणि त्या इमारतीची लिफ्ट गेलं वर्षभर फार वेळा बिघडत होती. ती इतकी का बिघडते, असं मास्तरांनीच एकदा सहज विचारलं होतं. लेकीने उत्तर दिलं नव्हतं, आणि उत्तर आग्रहाने मागणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं.

"आता नीट ऐका," लेक म्हणाली. "मावशींनी घरी सांगून ठेवलंय. मास्तरांच्या घरात एकदा जाऊन बसणार, आणि उठताना हो की नाही ते ठरवणार. त्यांचं नाही म्हणजे नाही असतं. आणि तो आईला दुखवून काही करणार नाही, मीही त्याला करू देणार नाही. माझं सगळं आज संध्याकाळवर आहे, बाबा. तेव्हा तुम्ही एवढंच करा. काही करू नका."

"ते जमेल मला," मास्तर म्हणाले, आणि ते खरं होतं.

लेक कामाला गेली. मास्तर दाढी करायला बसले. अर्धी दाढी झाल्यावर त्यांना आठवलं की आज उजळणीचा दिवस. उजळणीला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे शब्द, माणसांसकट, खणखणीत आवाजात म्हणायचे असत. वर्ग रद्द करणं सोपं होतं, पण त्यासाठी तीन दारं वाजवावी लागली असती आणि तिन्ही दारांत कारण सांगावं लागलं असतं. मावशी दुकान बंद केल्याशिवाय येणार नाहीत, तोवर वर्ग सुटलेला असेल, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं आणि उरलेली दाढी केली.

संध्याकाळी विद्यार्थी बसल्यावर मास्तर घसा साफ करून म्हणाले, "आज टी या अक्षराला सुट्टी."

"का हो?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मावशी येणार आहेत. जरा… घरगुती काम आहे."

"लग्नाचं ना?" सिस्टर म्हणाली. गल्लीला ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीच कळली होती.

"तर एस झालं की थेट यू घ्यायचं. लक्षात राहील ना?"

तिघांनी माना हलवल्या. बेकरीवाल्याच्या मानेवर मास्तरांचा भरवसा नव्हता. त्याच्या पोटात पावाशिवाय काही टिकत नसे. त्याच्याकडे बघून ते आणखी काही बजावणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पावलं दारापर्यंत आली, थांबली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग दारात मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी भर संध्याकाळी दुकान बंद केलं होतं. असं याआधी कधी झालं नव्हतं. अंगावर ठेवणीतले कपडे होते आणि त्यांना इतकी कडक इस्त्री होती की मावशी बाकावर बसल्या तेव्हा पुठ्ठा मोडल्यासारखा आवाज झाला.

"मावशी, आतल्या खोलीत बसा ना," लेक लगबगीने बाहेर येत म्हणाली. "मी चहा टाकते."

"आत काय आहे? मी इथेच बसते. मास्तर शिकवतात कसे, ते तरी बघू दे. चालू द्या, मास्तर. माझ्याकडे लक्ष देऊ नका."

मास्तरांनी त्यांच्याकडे लक्ष न देता फळ्याकडे तोंड केलं आणि उजळणी सुरू झाली.

अ‍ॅव्हरिस, वाणी. मावशींनी आधी कान टवकारले. मग पद्धत लक्षात आली तशा म्हणाल्या, "बरोब्बर. मला कायम किडके वाटाणे घालतो मेला." गॅर्युलिटी, न्हावी. "त्याच्याकडे डोकं दिलं की कान फुकट जातात," मावशी म्हणाल्या. इंडिफरन्स, म्हणजे जगाचं काहीही होवो आपल्याला काय त्याचं, हा शब्द कोपऱ्यावरच्या मांजरीला होता. मावशी हसल्या. प्रॉक्रॅस्टिनेशनला तर त्यांनी सुताराकडे पडलेल्या आपल्या स्टुलाची हकिकत सांगितली आणि घड्याळवाल्याने आपल्या कपाटाची. खोलीत वातावरण असं छान तापलं की दारात उभ्या लेकीच्या चेहऱ्यावरही जरा रंग आला. मास्तरांना वाटलं, निभावलं बहुतेक.

स्लॉथ, म्हणजे आळस, मीटर वाचायला येणारा माणूस. एस संपलं.

"आता यू," मास्तर म्हणाले.

घड्याळवाल्याच्या हातून इथे घात झाला. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण ज्याने जन्मभर चाकांचे दात मोजले, त्याला एक दात गाळलेला सोसत नाही. तो आपल्याच तंद्रीत म्हणाला, "मधला एक दात गाळला मास्तर. असं चाक फिरायचं नाही." म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

"काय गाळलं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"काहीच नाही," बेकरीवाला म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मावशींनी एकेकाकडे पाहिलं. डाग कुठे आहे हे कापड उजेडात धरून बघायची सवय असलेली ती नजर होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वाणी झाला, न्हावी झाला, सुतार झाला, तो मीटरवाला झाला. त्या मांजरीलासुद्धा शब्द आहे. मी कुठे आहे?"

बेकरीवाल्याने वहीत डोकं घातलं.

"इतकी वर्षं या गल्लीचे कपडे धुतेय मी. कुणाची कॉलर कशाने काळी होते ते मला माहीत. आणि तुमच्या पुस्तकात मांजर बसते, मी बसत नाही?"

"मावशी, तसं नाही—" लेक म्हणाली.

"तसंच आहे, बाळ. मास्तर शिकलेले आहेत. त्यांच्या लेखी जिन्याखालची बाई माणसांत जमा नाही. मग बोलायचं काय राहिलं?" मावशींनी पिशवी उचलली आणि उठल्या. पुन्हा पुठ्ठ्याचा आवाज झाला.

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने दाराची चौकट घट्ट धरली होती. काही करू नका, असं सकाळी सांगितलं होतं आणि मास्तरांनी खरोखर काही केलं नव्हतं. त्याचाच हा परिणाम होता. शब्द सांगितला तर अपमान, नाही सांगितला तर अपमान झालेलाच. मावशींचा एक पाय दाराकडे वळला होता.

"तुम्हाला शब्द आहे," मास्तर म्हणाले.

मावशी थांबल्या. "कुठला?"

"टेमेरिटी."

"म्हणजे काय?"

"शूरपणा," सिस्टर झटकन म्हणाली.

"हुशारी," बेकरीवाला म्हणाला. "म्हणजे हुशारीतला शूरपणा."

इथे मास्तरांनी मान हलवली असती तरी काम झालं असतं. भल्याभल्यांनी हलवली असती. पण माणूस कितीही भित्रा असला तरी आपल्या धंद्यातली खोट त्याला डोळ्यांसमोर चालत नाही. खांद्यावर झोपलेला परका माणूस चालतो, डोक्यावर परके केस चालतात, पण आपल्याच वर्गात, आपल्याच देखत, शब्दाचा चुकीचा अर्थ चालत नाही.

"दोघंही चुकताहेत," मास्तर म्हणाले. आवाज कापत होता, पण तो वर्गातला आवाज होता. "टेमेरिटी म्हणजे नको तितकं धाडस. जिथे थांबायला हवं तिथे न थांबणं. हा शब्द लॅटिनमधून आलाय. तिथे त्याचा अर्थ न बघता, अंदाजपंचे, असा होता. आणि त्याच्याही मागे गेलं, तर अंधार हा शब्द लागतो, असं विद्वान म्हणतात. आपल्याकडे 'तम' म्हणतात ना, त्याचा तो लांबचा चुलतभाऊ. म्हणजे अंधारात पाऊल टाकणारा माणूस. पुढे जिना आहे की विहीर, ते त्याला दिसत नाही. शूर माणूस विहीर बघतो आणि मग उतरतो. हा बघतच नाही."

"आणि मी बघत नाही."

"असं… ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"कोटावरून."

मावशी परत बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"त्या कोटाचं अस्तर मी शिवलेलं होतं," त्या म्हणाल्या. "उजव्या खिशाखाली ठिगळ आहे. त्याने बोलायला हात वर केला, तेव्हा मला हॉलच्या दारातून दिसलं. कोण कोण बसलंय ते बघितलं. कोण काय म्हणेल तेही बघितलं, तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, तुम्ही काही म्हणणार नाही हे ठाऊक होतं. आणि ज्याचा कोट, तो बिचारा बाहेर थंडीत नुसत्या शर्टवर कुडकुडत उभा. सगळं बघून गेले मी."

"आणि बस?" बेकरीवाल्याला राहवलं नाही.

"सिग्नल लाल होता. मी काय वेडी आहे?"

मास्तरांनी डस्टर हातात घेतलं. "मग शब्द चुकला," ते म्हणाले. "काढून घेतो. क्षमा करा."

"थांबा. घाई करू नका." मावशी आपल्या हातांकडे बघत होत्या. वाफेने भाजून भाजून त्या हातांवरची कातडी चकचकीत झाली होती. "मघाशी मी दुकानाला कुलूप लावलं, परत उघडलं, परत लावलं. तुमच्या दारापर्यंत येऊन मागे फिरले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, ते जिन्यात सांडलं. तुमच्या घरात भिंतीला पुस्तकं, आमच्या घरात भिंतीला दुसऱ्यांचे कपडे. माझं पोर दहावीनंतर लिफ्टच्या खड्ड्यात उतरलंय. तुम्ही नाही म्हणालात तर घरी जाऊन त्याला काय सांगू, काही दिसत नव्हतं. म्हणून म्हटलं, आधी वर्गातच बसावं. तेवढाच वेळ निघेल." त्यांनी वर पाहिलं. "कोटाचं सोडा. आजच्यापुरता तुमचा शब्द बरोबर आहे. राहू द्या तो."

मास्तरांनी डस्टर खाली ठेवलं. इतकी वर्षं ज्या बाईला बघून ते जिन्याची कड धरून उतरत आले होते, ती त्यांच्याच घरात यायला घाबरली होती, ही गोष्ट त्यांना पचायला वेळ लागत होता. मावशींनी तेवढा वेळ दिला नाही.

"आता विचारते," त्या म्हणाल्या. "मुलगी देता का?"

"मावशी," लेक दारातून म्हणाली, "मी काय कपडे आहे, द्यायला न्‌ घ्यायला?"

"कपड्यांची पावती तरी असते. तुझी कुठे आहे? बरं, मग कसं विचारू? मास्तर, माझा मुलगा चालेल का तुम्हाला?"

"तिला विचारायला हवं," मास्तर म्हणाले.

"तिला विचारून झालंय. लिफ्टमध्ये. मी तुम्हाला विचारतेय."

तिन्ही विद्यार्थी एकाच वेळी मास्तरांकडे वळले. उजळणीत त्यांच्याकडे इतकं लक्ष कधीच नसे. मास्तरांनी एकदा लेकीकडे पाहिलं. लेकीने काही खूण केली नाही. खूण करायची नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"येस," मास्तर म्हणाले.

"हे नको," मावशी म्हणाल्या. "त्या भाषेत तुम्ही मागाहून मूळ शोधून अर्थ बदलाल. आपल्या भाषेत सांगा."

"हो," मास्तर म्हणाले. मग, एवढ्याने भागणार नाही असं वाटून, त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "हो. मला चालेल. मला आवडेल."

मावशींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. लेक आत गेली, आणि आतून बराच वेळ कपबश्यांचा आवाज न येता नाक ओढल्याचा आवाज आला. सिस्टरने डोळे पुसले. बेकरीवाला आपली वही गोळा करत उभा राहिला. त्याला तातडीने भट्टीकडे जायचं होतं. भट्टी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वाटेत सगळी गल्ली लागत होती.

"बस खाली," मावशी त्याला म्हणाल्या. "माझ्या पोराला आधी मी सांगणार. मग तू."

बेकरीवाला बसला.

"आणि मास्तर, तुम्ही पुढचं अक्षर घ्या. वर्ग अर्धा टाकू नये. मी ऐकते."

मास्तर फळ्याकडे वळले आणि त्यांनी यू काढला. तो जरा वाकडा आला, पण घड्याळवाल्यानेही काही म्हटलं नाही.